डावा कान

पन्नासच्या खाली छापत नाही, म्हणाला जुमबेर.
पन्नास टी-शर्ट म्हणजे माझी चौदा महिन्यांची बचत
आणि वर नातेला मावशीकडून उसने दोनशे लारी.
पूर्वी तो पुष्पचक्रांवरच्या फिती छापायचा:
‘शेजाऱ्यांकडून’, ‘कारखान्यातल्या सोबत्यांकडून’.
म्हणूनच की काय, पिवळ्याची छटा जुळवताना
त्यानं तीनदा विचारलं,
हा जिवंत आहे ना?

आहे की.
शिजलेल्या राजम्याच्या रंगाचा, म्हणून लोबिओ.
कुताइसीत आमच्या गल्लीत, माझ्याच खिडकीखाली झोपतो.
कानात नगरपालिकेचा पिवळा बिल्ला, म्हणजे
लस टोचली आहे, कुणाचा नाही, राहू द्या.

दोन वर्षं त्याला रोज काढलं.
रात्री चित्र फोनवरून लोकांत सोडायचं आणि झोपायचं.
कधी पाहिलीही नाहीत अशी सहा हजार माणसं
त्याला नावानं हाक मारतात.
फुकट होतं तोवर कुणी काही विचारलं नाही,
मीही नाही.
किंमत लिहायला बसले आणि हात अडला.
पस्तीस. नको, तीस.
मग जुमबेरचं बिल आठवलं. अडतीस.
कान काढताना कधी खोडरबर लागला नव्हता,
आकडा चारदा खोडला.

रविवारी पांढऱ्या पुलाजवळ टेबल मांडलं.
एका बाजूला कुणाची तरी जुनी पदकं, दुसरीकडे मध.
वारा आला की ढिगावरचा लोबिओ कान हलवायचा.
दोन तास नुसता वाराच गिऱ्हाईक.
एका मुलानं घडी मोडली, शिवण उलटी करून पाहिली,
मापाला नाक मुरडलं
आणि उलटाच ठेवून गेला.
मी घडी घातली.
पुन्हा घातली.
घडी बरोबरच होती.

मग भट्टीवरची गुलिको आली,
कोपरापर्यंत पीठ, अंगाला पावाचा वास.
हात मागे बांधून, टी-शर्टला पीठ लागू नये म्हणून,
बराच वेळ वाकून बघत राहिली.
म्हणाली, हा आपला लोबिओ नव्हे.
त्याचा बिल्ला डाव्या कानात.
रोज पहाटे तुकडा टाकते मी त्याला, मला नको सांगू.
त्या बाजूनं हात नेला की गुरगुरतो.

मी आधी जुमबेरला मनात शिव्या घातल्या.
मग माझं टेबल आठवलं.
खिडकीतून तो थेट दिसतच नाही, मध्ये छज्जा येतो.
दिसतो समोरच्या औषधांच्या दुकानाच्या काचेत,
खोकल्याच्या बाटल्यांच्या रांगेतून झोपलेला.
दोन वर्षं मी काच काढत होते.
जिना उतरताना त्याला ओलांडून जायचे,
घाईत असायचे, घरी जाऊन त्यालाच काढायचा असायचा.

सगळे पन्नास उलटे.
म्हटलं, गुलिको, नको घेऊस, चुकलेत.
तिनं मोठ्यातला मोठा मागितला.
कमी करू का? छे.
ॲप्रनच्या खिशातून नाणी काढून मोजली,
अडतीस, एकही जास्त नाही,
प्रत्येकावर पिठाचा अंगठा.
आरशापुढे घालीन, म्हणाली,
तिथे बरोबर दिसेल.

ही माझी भवानी.

संध्याकाळपर्यंत अकरा गेले.
कान कुणी पाहिला नाही. एकीनं डोळ्यांचं कौतुक केलं,
ते तर मी बंदच काढलेत.
एकोणचाळीस खोक्यात भरून घरी आणले,
जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकवले, दम खायला.
नातेला मावशीचा फोन वाजला, उचलला नाही.

तो तिथेच होता, छज्जाखाली,
काचेत दिसतो त्याहून म्हातारा.
मी बसले. आधी उजवीकडे, सवयीनं.
मग उठून पलीकडे गेले
आणि हात पुढे केला.

गुरगुरला.